दादाच्या हसण्याची व्यवस्था

मी, खाली सही करणारा, धंद्याने वेताच्या खुर्च्या विणणारा, सत्तरी ओलांडलेला, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर राहून आणि स्वखुशीने लिहीत आहे. मला काळजी करण्याची खोड आहे, पण ती जन्माची आहे. तिला कोणी भ्रम समजू नये. शाळा चौथीत सुटली, तेव्हा चुका पदरात घ्याव्यात. आधीची मृत्युपत्रे रद्द समजावीत. तशी ती मीच घाबरून फाडली आहेत.

१. राहते घर माझ्यामागे मुलीचे. तिच्या थोरल्या भावाला त्यात तहहयात राहण्याचा हक्क आहे. त्याला आम्ही सगळे दादा म्हणतो, मीसुद्धा. दादा चाळिशीचा आहे. जन्मापासून त्याची समज हळू चालते आणि बोलणे चार-दोन शब्दांचे आहे. खिडकीची खोली त्याचीच राहील. निजण्यापूर्वी गॅस बंद आहे ना, ते बघावे. असे मृत्युपत्रात लिहितात की नाही, ठाऊक नाही.

२. बँकेतली शिल्लक दादाच्या औषधपाण्यासाठी. खर्च मुलगी करील. तिला कोणी हिशेब विचारू नये, माझ्या धाकट्या भावाने तर मुळीच नाही.

३. अट एकच. दादाला मनाच्या आणि शरीराच्या डॉक्टरांनी मिळून तपासावे. कारण लिहून ठेवतो.

मागे दादा खुर्चीत बसेनासा झाला. उभ्याने जेवायचा, मनगट चावायचा आणि मोठमोठ्याने हसायचा. मला वाटले, माझे विणकाम टोचते. मी त्याची खुर्ची उसवून सैल विणली, मग आणखी सैल. शेवटी तीतून मांजर खाली पडले, पण दादा बसला नाही.

दवाखान्यात खालच्या मजल्यावर शरीराचे डॉक्टर, वर मनाच्या डॉक्टरीणबाई. खालचे म्हणाले, "काका, दुखत असतं तर हसला असता का? वर न्या." वर त्याची रोजची डोक्याची गोळी वाढवली. दादा जास्तच चावू लागला. पुन्हा खाली, पुन्हा वर. भाऊ म्हणाला, "अरे, डोकंच तसं आहे त्याचं. शरीर तपासून काय सापडणार?"

मग मुलगीच बाईंना म्हणाली, "मॅडम, दादा खुशीत असला की गप्प असतो. दुखलं की हसतो. लहानपणी हात मोडला, तर खो खो हसत घरी आला होता."

बाई ताडकन उठल्या. "चल दादा, आपण खाली जाऊ." त्याचा हात धरून त्या जिना उतरल्या आणि खालच्या डॉक्टरांना म्हणाल्या, "तुम्ही पोट बघा, मी इथेच थांबते."

पोट दगडासारखे लागले. वरच्या गोळीने पोट साफ होत नव्हते, कळा आल्या की तो चावायचा आणि चावला की गोळी वाढायची. खालचे डॉक्टर म्हणाले, "काका, हे आम्ही आधीच एकत्र बघायला हवं होतं." एवढे कोण म्हणतो! गोळी बदलली, पोटाचे औषध दिले. बरा झाल्यावर दादा त्या सैल खुर्चीत बसला आणि पार आत रुतला. आम्ही ओढून काढला. तो अगदी गप्प होता.

त्या दोघांचे उपकार फिटणारे नाहीत. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देऊ नये म्हणतात, म्हणून त्यांच्या खुर्च्या आजच पोचत्या केल्या. घट्ट विणल्या आहेत.

४. आरी, सुया, खुंट्या आणि वेत भिजवायचे घंगाळ दादाचे. वेत तोच भिजवतो. ते काम त्याच्याकडून काढून घेऊ नये.

५. ती सैल खुर्ची धाकट्या भावाला. त्याच्यावर माझा राग नाही. थोडा आहे.

६. मी गेल्यावर दादा हसेल. फार मोठ्याने हसेल. लोक म्हणतील, बाप गेला आणि हा दात काढतोय. पोरी, तू त्याला दटावू नकोस, आतल्या खोलीत नेऊ नकोस. त्याच्याजवळ बस. पुढेही हसत राहिला, तर दोन्ही डॉक्टरांना बोलाव. बापाच्या आठवणीने हसतोय की पोटाने, हे कोणी एकट्याने ठरवायचे नाही.

सही: खुर्चीवाले काका
साक्षीदार: १. वरच्या डॉक्टरीणबाई २. खालचे डॉक्टर
स्थळ: खालच्या डॉक्टरांची खोली
तारीख: दोघेही एकाच वेळी मोकळे सापडले, तो आजचा मंगळवार

ता. क. दादा शेजारीच बसला आहे. गप्प आहे.