पाव्हण्यांसाठी शिकलेलं वाक्य

सोमादादा,

तुला वाचता येत न्हाई, म्हणूनच लिहायचं धाडस होतंय.

आज मला बघायला पाव्हणे यायचे होते, म्हणून आईनं तुला एक वाक्य शिकवलं होतं. पण तू बोलायला लई वेळ लावतोस, म्हणून मीच तुला सकाळी मामासंगं कपिलधारला देवदर्शनाला धाडलं.

चहा झाल्यावर मुलाच्या आईनं पिशवीतनं नवा शर्ट काढला. "सोमेश्वरसाठी हाय. हळू बोलतो म्हणं. बोलू द्या की, आमाला कुठं घाई हाय?"

माझी मान वर होईना.

पाव्हणे गेल्यावर तू आलास. दारातच नमस्काराला हात जोडून, एकेक शब्द जुळवत म्हणालास, "शरणार्थ. मी शिवांजलीचा मोठा भाऊ."

समोर नुसत्या खुर्च्या होत्या.

सोमेश्वरची बहीण,
शिवांजली