अश्विनीसाठी शिरा

३ मार्च, सोमवार
आज लंचला ऑफिसातली अश्विनी मैत्रिणीला रील दाखवत म्हणाली, पुरुषाच्या हाताच्या पाठीवर शिरा उठून दिसल्या की ती खल्लास होते. मी शेजारच्याच टेबलावर. म्हणजे मला ऐकू जावं म्हणूनच म्हणाली. बायका सरळ सांगत नाहीत.
घरी येऊन हात पाहिला. कणकेचा गोळा. हरकत नाही.

८ मार्च, शनिवार
हैदराबादच्या कोठी बाजारात जाऊन ॲनाटॉमीचं जुनं पुस्तक आणलं. बोटांकडून शिरा येतात, हाताच्या पाठीवर त्यांची कमान होते. तिथून अंगठ्याच्या बाजूने सेफॅलिक वर जाते, करंगळीच्या बाजूने बॅसिलिक. माझ्याही आहेत, फक्त वर चरबी आहे.
पुस्तकवाल्याने विचारलं, बेटा डॉक्टरी पढ रहा क्या? मी 'हौ' म्हटलं. लग्नच नाही, मुलगा कुठला, हे कशाला सांगा. शनिवार-रविवारचं तेवढंच बोलणं झालं.

१४ मार्च, होळीची सुट्टी
जिम लावली. ट्रेनर म्हणतो सहा महिने लागतील. टीम डिनर अठ्ठावीसला आहे. ट्रेनर निराशावादी आहे.
हात खाली लोंबवला की शिरा भरतात. दिवसभर लोंबवला. घरमालक अप्पारावांनी विचारलं, खांदा दुखतोय का.

२२ मार्च, शनिवार
सेफॅलिक दिसली! निळी, ठसठशीत.
रात्री आंघोळीत गेली. पेनची शाई होती.
पुण्याहून आईचा फोन. सध्या काय चाललंय? म्हटलं, शिरा. म्हणाली, रवा मंद आचेवर भाज.

२६ मार्च
नवीन माहिती. बॉडीबिल्डर स्पर्धेआधी पाणी बंद करतात. कातडी चिकटते, शिरा वर येतात. आजपासून बंद.

२७ मार्च
ऊन फार. डोकं हलकं वाटतंय. चरबी जातेय. आईचा फोन उचलला नाही, जीभ टाळूला चिकटली होती.

२९ मार्च, हॉस्पिटल
डिनरला पोचलो नाही. ऑफिसच्या लिफ्टपाशीच कोसळलो.
सलाईन लावायला त्रिवेणी सिस्टर आली. टपल्या मारल्या, गरम कपडा ठेवला, दोन सुया फुकट. म्हणाली, "नसच नै मिलरी सर. पानी नै पीते क्या?" मी कमान कुठे असते ते सांगितलं. ती म्हणाली, "चुप लेटो."
शेवटी एक बारीकशी सापडली.
मग तिने विचारलं, अटेंडर कौन है? म्हणजे सोबतीला कोण. अश्विनीचा नंबर दिला. येईलच.

३० मार्च, पाडवा
अश्विनीचा फोन आला. ऑफिसच्या रिपोर्टच्या फाइलचा पासवर्ड हवा होता. दिला. काळजी घे म्हणाली. आवाजात बरंच काही होतं. मागे बरेच लोकही होते.
अप्पाराव उगादीची कडुनिंब-गुळाची पच्चडी घेऊन आले. घरच्यांना कळवलं का, विचारलं. म्हटलं, सणाचे दिवस, सगळे बिझी. कुणालाच कळवलेलं नाही.
दुपारी सुईचा हात सुजला. त्रिवेणी दुसऱ्या हातावर शीर शोधायला बसली. हात आपल्या तळव्यावर ठेवून अंगठ्याने हळूहळू चोळत होती. दुखरा क्या, विचारलं. म्हटलं नाही, आरामात शोधा, घाई नाही.
शीर सापडली तेव्हा जरा वाईटच वाटलं.