माम बोलणारी म्हातारी

आई,

मी कॅन्ससला आले तेव्हा या गावात स्पॅनिशची एक पाटी नव्हती. आता दुकानं, चर्च, मी साफसफाई करते ते हॉस्पिटल, सगळीकडे स्पॅनिश ऐकू येतं. "आता आपलंच राज्य गं!" असं माझ्यासोबतची येसेनिया म्हणते. ती मेक्सिकोची. मीही तिकडचीच, असं मी सगळ्यांना सांगितलंय. ग्वाटेमालाच्या डोंगरातली, घरात आपली माम भाषा बोलणारी म्हटलं की हीच माणसं "जंगली" म्हणून हसतात.

मंगळवारी एक म्हातारी दाखल झाली. ती सारखी काहीतरी विनवत होती. दुभाषी स्पॅनिशमध्ये विचारून विचारून थकला.

"हिची भाषा कुणाला कळते का?" नर्सने विचारलं.

मला कळत होती. थंडी वाजतेय, एवढंच ती म्हणत होती. मी फरशी पुसत राहिले. सगळे गेल्यावर ब्लँकेट आणून तिच्या अंगावर घातलं.

तिने माझा हात धरला आणि आपल्या भाषेत विचारलं, "पोरी, कुणाची गं तू?"

मी स्पॅनिशमध्ये म्हणाले, "आजी, मला तुमचं बोलणं कळत नाही."

माम मला लिहिता येत नाही. स्पॅनिशमधलं हे पत्र गावातले मास्तरच तुला वाचून सांगणार, आणि हे त्यांच्या तोंडून तुला कळायला नको. म्हणून हे पत्र पाठवत नाही.

तुझी,
पेत्रोना