रिपोर्टातला तीन

न्हावरे, ता. ४ फेब्रुवारी २०२५

चि. प्रतिभास अक्काचा सप्रेम जयभीम वि. वि.

फोनवर तू आधी रडतीस आन् मग ऐकतीस, म्हणून लिहिते. पत्र दुधाच्या गाडीवाल्या ज्ञानदेवमामांच्या हाती देते.

आईला शिरूरच्या दवाखान्यातनं घरी आणून पाच दिवस झाले. आतड्याच्या आप्रेशनानं अंगाला किती धक्का बसला ते रक्तातनं मोजत्यात. सीआरपी म्हणत्यात. तिसऱ्या दिवशी एकशे चाळीस होता, घरी सोडताना ऐंशी. उतरत गेला तर बरं, चढला तर आत पू झालाय, तसंच घेऊन या, असं डॉक्टरांनी बजावलंय. काल लॅबवाली सीमा दारात येऊन रक्त घेऊन गेली. आकडा आला तीन! डॉक्टर फोनवर म्हणाले, छान.

तरी म्हातारीचं कण्हणं थांबंना. आकडा तीन आन् बोंब तीनशेची. कागद तिच्या पुढ्यात टाकला, म्हटलं हे खोटं बोलत न्हाई, तूच बोलतीस. दुखायच्या गोळ्या कपाटात घातल्या. आजपास्नं कांदा निवडायला बसवलीय. तू लाडूबिडू पाठवू नको, लाडानंच नासलीय ती.

पाव्हण्यांना जयभीम, पोरींना पापा. राग आला तरी माया कमी करू नको.

तुझी अक्का
नकुशी

दौंड, ता. ६ फेब्रुवारी

ती. अक्कास सप्रेम जयभीम वि. वि.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून मामांना थांबवून लिहिते. ते सांगत होते, आई कांद्याच्या ढिगाला टेकून पडली होती आणि अंग तव्यासारखं तापलं होतं. काल शेजारच्या करिश्माच्या फोनवरून आई माझ्याशी बोलली. म्हणाली, घरी आल्यापासून मला सुई टोचलीच नाही गं.

मग अक्का, तो तीन कुणाचा?

आधी तिला गाडीत घाल, उत्तर मागनं लिही. लहान तोंडी मोठा घास घेतला, पोटात घाल.

तुझी
प्रतिभा

न्हावरे, ता. १५ फेब्रुवारी

प्रतिभास जयभीम.

मातीला आलीस, माझ्याशी बोलली न्हाईस. बरं केलंस. तुझ्या पत्राचं उत्तर राहिलंय.

तीन माझा.

त्या दिवशी आईला दोन रात्रींनंतर पहिल्यांदा झोप लागली होती. सीमा नवी, तोंडओळख न्हाई. चांगुणाबाई कोण, म्हणून तिनं दारातनंच इचारलं. आईला उठवायचं जिवावर आलं. जन्मात एकदा मला तिची कीव आली, आन् मी माझाच हात पुढं केला. मनात म्हटलं, निजलीय म्हंजी आकडा उतरलाच असंल.

दुसऱ्या दिवशी कागद आला, त्यावर नाव आईचं. ती कण्हायला लागली तवा तो आकडा मलाबी तिचाच वाटाया लागला.

शिरूरला नेल्यावर आईच्या हातातनं रक्त घेतलं. तीनशे दहा. पुन्हा पोट उघडायला अंगात काई उरलं नव्हतं. तिनाचं एवढं झालं कसं, डॉक्टरांनी इचारलं. मी तो कागद घडी करून पिशवीत सारला.

शेवटाला ती शुद्धीवर आली. माझा हात धरून म्हणाली, कागद बरोबर असंल बाई, मीच सोंग करत असंन. तवाबी मी खरं सांगितलं न्हाई.

लोभ ठेव म्हणायला तोंड न्हाई. फोन कर. आधी रड. मी ऐकते.

नकुशी