रिकाम्या खुर्चीसमोर तोंडी परीक्षा घेण्याबाबत

प्रति,
मा. परीक्षा नियंत्रक,
कन्हान विद्यापीठ,
परीक्षा भवन.

अर्जदार : दत्तात्रय पुंडलिकराव सांबारे, सेवानिवृत्त शिक्षक, रा. पांढुर्णा, जि. पांढुर्णा (मध्य प्रदेश)

विषय : बी. ए. रशियन, अंतिम वर्षाची विद्यार्थिनी कु. हिमानी गुणवंता कळंबे, रा. तिगाव, हिची तोंडी परीक्षा जोडीदाराविना घेण्याबाबत.

संदर्भ : याच विषयावर आपल्या विभागाकडून आलेली तीन उत्तरे.

महोदय,

१. उपरोक्त मुलगी अर्जदाराच्या नात्यातली नाही. अर्जदाराचा मुलगा तुषार हा तिचा वर्गसोबती. आपल्या रशियन विभागात शेवटच्या वर्षाला ही दोनच मुले उरली होती. त्यांच्या मागे कोणाला प्रवेश दिलेला नाही आणि येत्या सोमवारची फेरपरीक्षा ही या विषयाची अखेरची परीक्षा, असे आपल्याच सूचनाफलकावर लावले आहे. तुषार पोळ्याच्या करीला वारला. म्हणून आता एकच मूल उरले आहे, आणि त्याच्यासाठी हा अर्ज आहे.

२. तोंडी परीक्षेचा आपला नियम असा की दोघांनी समोरासमोर बसून संवाद करावा. जोडीतला एक जरी गैरहजर राहिला तरी दोघांनाही गैरहजर धरावे. या दोघांना रेल्वे स्थानकाचा विषय मिळाला होता. हिमानी प्रवासी, तुषार चौकशीच्या खिडकीवरचा बाबू. ती तिगावला गाडीत बसे आणि रुमाल टाकून त्याची जागा धरी. पांढुर्ण्याला तो चढला की दोघांचे रशियन सुरू. संत्र्याच्या पेट्यांवर बसलेली माणसे विचारत, "काय भांडून राहिले बाप्पा हे दोघं?" हिमानी घरात पोपटासारखी बोलते, पण परीक्षकासमोर तिची जीभ टाळूला चिकटते. तुषार तिला म्हणे, "तू विचारून राहिली, मी सांगून राहिलो, एवढंच तं हाय. भेते कायले?" हे सगळे अर्जदाराला तिनेच सांगितले. मुलगा गाडीत काय करतो याची चौकशी अर्जदाराने कधी केली नव्हती.

३. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे गोटमार असते, हे आपणास वर्तमानपत्रातून ठाऊक असेलच. जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवतात, अलीकडून पांढुर्णा आणि पलीकडून सावरगाव दगड मारते. अर्जदाराची पत्नी सुधा हिचे माहेर सावरगावचे. म्हणजे त्या दिवशी अर्जदाराचे मेहुणे समोरच्या काठावर असतात, आणि दुसऱ्या दिवशी आमच्याच घरी पोळी खायला येतात. यात कोणाला काही वावगे वाटत नाही. तुषार खेळायला उतरला नव्हता, झाड कोणाच्या हाती लागते ते पाहत काठावर उभा होता. दगड कानशिलावर बसला. नागपूरला नेता नेता वाटेतच सर्व आटोपले. पोरांनी त्याला उचलले तेव्हा शेजारी पडलेला दगड सुधाने पदरात बांधून घरी आणला. तो नदीतल्या इतर दगडांसारखाच आहे.

४. अर्जदाराने पोलिसांत तक्रार दिली नाही. गोटमारीत लागलेल्याची तक्रार आमच्या घरांतून होत नसते. दगड कोणाच्या हातून सुटला ते देवीला माहीत, असे म्हणून माणसे नदीवर आंघोळ करतात. शिवाय सुधाने त्याच दिवशी विचारले होते, "माह्या भावाईच्या दारात पोलीस नेऊन उभे कराल का तुमी?" अर्जदार छत्तीस वर्षे मुलांना नागरिकशास्त्र शिकवत होता, तरी तो ठाण्याची पायरी चढला नाही.

५. आता आपल्या उत्तरांविषयी. हिमानीने एकटीची परीक्षा घ्यावी म्हणून विनंती केली, तेव्हा पहिले उत्तर आले की जोडी मोडायची असल्यास दुसऱ्या विद्यार्थ्याचे सहीनिशी संमतिपत्र आणावे. तिने मृत्यूचा दाखला नेऊन दिला. त्यावर दुसरे उत्तर असे की दाखला परराज्यातील आहे, पडताळणी होईपर्यंत विद्यार्थी पटावर कायम राहील. मधल्या काळात तुषारच्या फोनवर संदेश आला की आपण परीक्षेस गैरहजर होता, फेरपरीक्षेस न चुकता हजर राहावे. तो फोन सुधाच्या हातात होता. तिने तो अर्जदारासमोर धरला आणि म्हणाली, "पाहा, बलावून राहिले त्याले." तिसरे उत्तर मात्र फार विचारपूर्वक दिलेले दिसते. मृत्यू अपघाती असल्याने पोलिसांचा पंचनामा जोडावा, अन्यथा अनुपस्थितीचे कारण सिद्ध होत नाही.

६. आपल्या परीक्षा विभागाच्या खिडकीवरच्या बाई वाईट नाहीत. त्यांनीच हिमानीला सुचवले की दुसरा कोणी रशियन येणारा विद्यार्थी घेऊन ये. असा विद्यार्थी आपल्या पटावर एकच आहे, आणि तो कोण ते वर लिहिलेच आहे. मग दोन्ही वाक्ये तूच म्हण, असेही त्या म्हणाल्या. त्यावर हिमानी अर्जदाराच्या घरी येऊन रडली. "काका, तुषारचं सारं मले तोंडपाठ हाय. पन त्याचं बोलनं माह्या तोंडून नाही निघत," असे तिचे म्हणणे. तिचे वडील गुणवंताभाऊ संत्र्याच्या बगीच्यात राबणारे सरळ गृहस्थ. एवढ्या धकाधकीत पोरीला किती दिवस गाडीने पाठवायचे, सोमवारी जमले नाही तर घरीच बसवू, असे ते सर्वांदेखत बोलून गेले आहेत. त्यांना दोष देता येत नाही.

७. हल्ली ती संध्याकाळी आमच्या ओसरीवर येते. सुधा तिला चहा देते आणि समोरची खुर्ची तशीच राहू देते. हिमानी त्या खुर्चीकडे पाहून एक वाक्य म्हणते, थांबते, मग पुढचे म्हणते. अर्जदाराला रशियनचा गंध नाही. पण कोठे थांबायचे आणि किती, ते आता अर्जदारालाही कळते. तेवढ्या वेळात तिची जीभ अडखळत नाही. आमच्या घरात मुलाचे म्हणावे असे तेवढेच शिल्लक आहे.

८. सबब विनंती अशी की, सोमवारी तिच्यासमोर एक खुर्ची रिकामी ठेवावी. ती प्रश्न विचारील. उत्तराला जेवढा वेळ लागायचा तेवढा वेळ परीक्षकांनी गप्प राहावे, घड्याळाकडे पाहू नये, 'पुढे बोला' असे म्हणू नये. गुण फक्त तिच्या वाक्यांना द्यावेत. तुषार आपल्या पटावर अजून आहेच, तर तेवढ्या वेळापुरता त्याला हजर धरण्यास आपल्या नियमाची आडकाठी नसावी.

९. पंचनामा अर्जदार देऊ शकत नाही. जे देता येते ते सुधाच्या संमतीने सोबत जोडले आहे.

आपल्या होकाराची वाट पाहत आहे.

नम्र अर्जदार,
दत्तात्रय पुंडलिकराव सांबारे
पांढुर्णा, दि. १० नोव्हेंबर

सोबत :
१) मृत्यूचा दाखला, पुन्हा एकदा.
२) कु. हिमानी हिचे परीक्षा प्रवेशपत्र.
३) तुषार याचे परीक्षा प्रवेशपत्र. हे आपल्याकडून मागील आठवड्यात टपालाने आले.
४) दगड, एक. पंचनाम्याऐवजी. पाहून झाल्यावर कु. हिमानीजवळ परत द्यावा. सुधाला तो जामच्या पात्रात सोडायचा आहे.