मी पाहिलेला पेशंट

प्रिय धाकटे,

पाय कसे आहेत? जिना चढताना अजून भिंत धरावी लागते का? खोटं सांगू नकोस, लहानपणापासून तुझं 'बरं आहे' मला कळतं. तुझ्या डॉक्टरांनी सुचवलेलं ते इंजेक्शन माझ्या डोक्यातून जात नाही. मूत्रपिंडांना ते घातक ठरू शकतं, एवढं पक्कं माहीत आहे. पण पायात बळ येतं का, याची खातरजमा करायला मी निघाले.

आम्हा मोठ्या डॉक्टरांची रीत तुला ठाऊक नाही. लोकांना वाटतं आम्ही रोज जाडजूड संशोधन वाचतो. कसलं काय. अडलं की चहाच्या खोलीत जायचं आणि जाणत्याला विचारायचं. निम्मं वैद्यक असं सांगोवांगी चालतं, आणि बहुतेक वेळा बरं चालतं. मीही तेच केलं. मेंदूविकारवाले म्हणाले, उत्तम गुण येतो. कुठे वाचलंत, तर वाचलं नाही, भूलतज्ज्ञ बाईंनी सांगितलं. बाईंना ते आमच्या निवृत्त सरांकडून कळलेलं. मग सरांच्या घरी गेले. ते चष्मा पुसता पुसता थांबले. म्हणाले, अगं, तूच तर सांगितलंस. चहाच्या खोलीत, खिडकीपाशी उभी राहून म्हणालीस, मी स्वतः पेशंट चालताना पाहिलाय.

मी हे इंजेक्शन जन्मात कुणाला दिलेलं नाही गं. परत येऊन ग्रंथपालांना हाताशी धरलं आणि सापडेल ते सगळं चाळलं. गुण आल्याचा एकही धड अभ्यास नाही. मूत्रपिंडं गेल्याचे मात्र आहेत. चहाच्या खोलीत हे सांगितलं तर सगळे माझ्याकडे बघून समजुतीनं हसले. पाचामुखी परमेश्वर म्हणतात, तो आता माझ्याच तोंडून बोललाय म्हणे.

आणि मला भीती वाटते, कारण सरांकडून आल्यापासून मलाही ते आठवू लागलंय. खिडकीची थंड काच आठवते. तो पेशंटही दिसतो. राखाडी शालीतली एक बाई वॉर्डच्या दारापर्यंत चालत येते. आधी नुसती चाल दिसायची. काल भरदुपारी राउंड घेताना तोंडही दिसलं, अगदी तुझ्या वळणाचं.

आज सकाळी तुझ्या डॉक्टरांचा फोन आला. ज्येष्ठ म्हणून माझं मत हवं होतं. देऊ नका, पुरावा नाही, असं म्हणायला मी तोंड उघडलं, आणि माझ्याच आवाजात ऐकलं: द्या, मी स्वतः पेशंट चालताना पाहिलाय. त्यांनी आभार मानून फोन ठेवला. मी पुन्हा लावला, पुन्हा तेच बाहेर पडलं. लिहिताना अजून खरं उतरतंय, म्हणून घाईनं लिहितेय. इंजेक्शन घेऊ नकोस. हे पत्र त्यांच्यासमोर ठेव. मी तुला फोन करीन, घे म्हणून सांगेन, फार मायेनं सांगेन. माझं ऐकू नकोस.

तुझीच,
ताई