दरीवर ठेवलेलं बोट

१२ फेब्रुवारी

प्रिय ताई,
सा. न.

बाबांचं चित्र उद्या कलादालनातून उतरवणार आहेत. व्यवस्थापकबाईंचा तसा फोन आत्ताच येऊन गेला. उतरवायला मीच सांगितलं होतं. भाऊजींची कंबर आता कशी आहे? माझं ठीक चाललंय. म्हणजे, नाही.

परवा तू चित्रासमोर उभी होतीस. बाबांच्या श्वासाच्या यंत्रातल्या नोंदींवरून मी कोड लिहिला आणि पेनाने रेघा ओढणाऱ्या यंत्राकडून त्या श्वासांचे डोंगर-दऱ्या कागदावर काढून घेतल्या. लोक वाहवा करत होते. तू म्हणालीस, "छान झालंय गं ठमे. पण दुपारी बाबांचा मास्क काढून आम्ही दोघं जेवायला बसायचो, ते यात कुठे आहे?"

मी दोन डोंगरांमधल्या दरीवर बोट ठेवलं. "हे बघ, इथे."

तू चष्मा लावून किती वेळ ती दरी पाहिलीस! वर म्हणालीस, "बरोबर. जेवताना अगदी शांत असायचे. मीठ कमी पडलं नाही तोवर."

ताई, तिथे तुम्ही दोघं नाही आहात. मास्क काढला की नोंद थांबायची. तुटक्या रेघा मला बघवेनात, म्हणून कोडमध्ये सांगितलं, आधीच्या-नंतरच्या श्वासांवरून मधली जागा भरून काढ. दरी अशी झाली. सगळ्यांना तीच आवडते. खालच्या पाटीवर मीच लिहिलंय, 'यातली एकही रेघ मनाने ओढलेली नाही.'

बाबा गेल्यावर श्वासाचं यंत्र परत करायच्या आधी त्यातलं नोंदींचं कार्ड काढून घेतलं, तेव्हाही तुला विचारलं नाही. बाबांचं सगळं तू केलंस; मी चार दिवसांची पाहुणी. आणि नेमकी तुझीच वेळ मी बुजवली.

व्यवस्थापकबाई म्हणाल्या, "अहो, कुणाला कळणार आहे?"

"बहिणीला बोट ठेवून दाखवलंय मी," म्हटलं.

कोडमधली ती ओळ मी काढून टाकली आहे. शनिवारी नवा कागद लावायचा विचार आहे. तुमच्या जेवणाची वेळ आली की पेन उचललं जाईल, कोऱ्या कागदावरून पुढे सरकेल आणि तू मास्क परत चढवलास की टेकेल. पण तू नको म्हणालीस तर यंत्र सुरू करणार नाही. कार्ड घेऊन तुझ्याकडे येईन.

शुक्रवारपर्यंत तुझ्या फोनची वाट पाहते. रागाने केलास तरी चालेल.

तुझ्याशी तोंडावर खोटं बोललेली,
ठमी